घरगुती राउटरचे फर्मवेअर : बदलावे की न बदलावे

'फर्मवेअर' ही संज्ञा ॲशर ऑप्लर याने १९६७ साली योजिली, तेव्हा ती संगणकाच्या अंतर्भागातील सूक्ष्म आज्ञावलीस उद्देशून होती. सामान्य गृहस्थाच्या कानी ती पडली ती त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी, घरातील बिनतारी राउटरच्या निमित्ताने. आणि तीही बहुधा एका प्रश्नाच्या रूपाने. यंत्र नीट चालत असता त्यातील फर्मवेअर बदलावे काय? प्रश्न क्षुल्लक भासतो खरा. तथापि त्याचे उत्तर कालांतराने पार उलटले, व ते कसे उलटले हे पाहण्यास लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा इतिहास विशेष उपयुक्त आहे.

हे निळ्या-काळ्या रंगाचे यंत्र २००२ च्या डिसेंबरात अमेरिकेत विक्रीस आले. पुढील वर्षी सिस्को कंपनीने लिंक्सिस विकत घेतली, आणि त्याच वर्षी काही चौकस ग्राहकांस असे आढळले की, यंत्राच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स आहे. लिनक्सच्या परवान्यानुसार, त्यावर आधारलेली वस्तू विकणाऱ्याने मूळ आज्ञावलीही ग्राहकास उपलब्ध करून दिली पाहिजे. कंपनीस ती प्रसिद्ध करावी लागली. (परवान्याचा वाद एवढ्याने मिटला नाही, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००८ साली सिस्कोविरुद्ध दावा लावला व २००९ मध्ये तडजोड झाली.) याच आज्ञावलीच्या आधारे २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. मूळ यंत्राची खूण त्याच्या नावात आजही आहे.

त्या काळी धोका होता तो बदलण्याच्या कृतीतच. नवे फर्मवेअर फ्लॅश स्मृतीत लिहिले जात असता वीज गेली, किंवा भलत्याच आवृत्तीची फाइल चढवली गेली, तर यंत्र सुरूच होत नसे. अशा यंत्रास 'वीट' म्हणण्याचा प्रघात पडला. उपाय होता, पण तो आधी करून ठेवावा लागे. यंत्र सुरू होताना प्रथम चालणारा बूटलोडर काही क्षण थांबून शेजारच्या संगणकाकडून नवी फाइल स्वीकारू शके; मात्र थांबण्याची ही सोय मुळात बंद असे. म्हणून जाणकार मंडळी अन्य काही करण्यापूर्वी ती चालू करीत. ज्यांस हे ठाऊक नव्हते, त्यांनी चालत्या यंत्रास हात न लावणे हेच शहाणपणाचे होते. २००५ साली कंपनीने पाचव्या आवृत्तीत फ्लॅश स्मृती ४ मेगाबाइटवरून २ वर आणली व लिनक्स काढून टाकले. मात्र लिनक्स हवे असणाऱ्यांसाठी डब्ल्यूआरटी५४जीएल हे यंत्र वेगळे विकण्यास काढले.

पुढे धोक्याचे स्थान बदलले. २०१४ च्या फेब्रुवारीत 'द मून' नावाचा उपद्रवी प्रोग्राम लिंक्सिसच्या ई-मालिकेतील राउटरांतून आपोआप पसरू लागला. मे २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' उघडकीस आले. त्याने ५४ देशांतील निदान ५ लाख उपकरणे ग्रासली होती. राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा, असा सल्ला अमेरिकेच्या एफबीआयने दिला. परंतु तेवढ्याने त्या प्रोग्रामचा पहिला टप्पा जात नसे. त्यासाठी यंत्र मूळ स्थितीस आणून नवे फर्मवेअर घालणे अगत्याचे होते. न बदलणे म्हणजे सावधगिरी, हा जुना युक्तिवाद येथे टिकत नाही. वीट झालेले यंत्र मालकास कळते तरी. परक्याच्या ताब्यात गेलेले यंत्र मात्र पूर्ववत् चालत राहते.

तरीही नवे फर्मवेअर मिळेलच असे नाही. मे २०२५ मध्ये एफबीआयने, निर्मात्यांनी दुरुस्त्या देणे थांबविलेल्या राउटरांविषयी इशारा दिला. त्यात लिंक्सिसचीच अनेक यंत्रे होती. ती शक्यतो बदलावीत, नपेक्षा बाहेरून यंत्रात शिरण्याची सोय बंद ठेवावी, असे त्यात सांगितले होते. डब्ल्यूआरटी५४जीच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणाऱ्यांस ओपनडब्ल्यूआरटीचाही आधार उरलेला नाही. ४ मेगाबाइट फ्लॅश व १६ मेगाबाइट स्मृतीत त्याच्या नव्या आवृत्त्या मावत नाहीत.