स्वरयंत्राचे जन्मजात दोष
गर्भावस्थेत स्वरयंत्राची घडण सदोष राहिल्याने अर्भकाच्या श्वासमार्गात येणारा अडथळा. गर्भकाळाच्या आरंभी बुजलेली स्वरयंत्राची पोकळी पुन्हा पूर्ण मोकळी न झाल्यास स्वररज्जूंमध्ये पडदा उरतो [→ भ्रूणविज्ञान]. स्वरयंत्रमृदुता हा सर्वाधिक आढळणारा दोष : श्वास घेताना स्वररज्जूंवरच्या मऊ ऊती आत ओढल्या जाऊन कर्कश आवाज येतो. उताणे निजवल्यावर, रडताना, दूध पिताना तो वाढतो. कफाची घरघर मात्र ही नव्हे. बहुधा दोन वर्षांच्या आत तो आपोआप थांबतो. निदान नाकातून घातलेल्या लवचीक दुर्बिणीने होते. वजन वाढत नसल्यास वा बाळ निळे पडत असल्यास जादा ऊती छाटतात. स्वररज्जूंखालील रक्तवाहिन्यांच्या गाठीवर प्रोप्रानोलॉल देतात. तीव्र अडथळ्यात श्वासनलिकेला छिद्र पाडतात [→ श्वासनलिका].