अर्ध्या महिन्याचे पूर्ण बिल : ऑप्टिमम, ग्राहकांच्या तक्रारी आणि न्यू जर्सीचा नियम

पार्सिपनीतील भाड्याची घरे वर्षभर रिकामी होत असतात आणि पुन्हा भरत असतात. कुणाची नोकरी बदलते, कुणाला शाळेसाठी दुसरी वस्ती हवी असते, कुणी अखेर स्वतःचे घर घेतो. २०२० च्या जनगणनेनुसार ५६,१६२ लोकवस्तीच्या या टाउनशिपमध्ये भारतीय कुटुंबांची संख्या मोठी आहे. नव्याने आलेल्यांपैकी अनेकांचा पहिला मुक्काम अपार्टमेंटमध्येच असतो. घर सोडताना वीज आणि गॅसचा हिशेब शेवटच्या दिवसापर्यंत होतो. केबलच्या बाबतीत मात्र काही वर्षे तसे होत नव्हते. महिन्याच्या पाचव्या दिवशी जोडणी तोडली, तरी बिल संपूर्ण महिन्याचे येत असे.

या वादाची सुरुवात २०१६ मध्ये झाली. जून महिन्यात युरोपातील आल्टिस समूहाने डोलन कुटुंबाच्या ताब्यातील केबलव्हिजन ही कंपनी सुमारे १७.७ अब्ज डॉलरला विकत घेतली. मॉरिस काउंटीसह उत्तर न्यू जर्सीतील ग्राहक तिला ‘ऑप्टिमम’ या नावाने ओळखत होते आणि ते नाव पुढेही कायम राहिले. बिलाची पद्धत तेवढी बदलली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून, मधेच सेवा बंद करणाऱ्याला उरलेल्या दिवसांचे पैसे परत न देण्याचे धोरण नव्या मालकांनी लागू केले. महिन्याच्या अखेरपर्यंत सेवा वापरता येते, तेव्हा ग्राहकाचे नुकसान कोणते, असा कंपनीचा युक्तिवाद होता. दुसऱ्या गावी राहायला गेलेल्या माणसाने जुन्या घरातील वाहिन्या कशा पाहायच्या, याचे उत्तर त्यात नव्हते.

न्यू जर्सीच्या प्रशासकीय संहितेत याविषयी स्पष्ट नियम आहे. केबल टीव्हीचे पहिले आणि शेवटचे बिल, सेवा ज्या दिवशी सुरू झाली आणि ज्या दिवशी संपली त्या दिवसांच्या हिशेबाने आकारले पाहिजे. या नियमाची अंमलबजावणी बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीज, म्हणजे बीपीयू हे राज्य नियामक मंडळ करते. पुढील दोन वर्षांत मंडळाकडे या एकाच विषयावरील तक्रारींची संख्या शंभराच्या घरात गेली. लाखो ग्राहक असलेल्या कंपनीच्या मानाने हा आकडा अगदी किरकोळ; पण मंडळाला चौकशी सुरू करण्यास तेवढा पुरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये मंडळाने ही पद्धत थांबवण्याचा आणि बाधित ग्राहकांना पैसे परत करण्याचा आदेश दिला.

त्यानंतर कोर्टकचेरीचा दीर्घ फेरा सुरू झाला. राज्याचा नियम म्हणजे दरांवरील नियंत्रण आहे आणि जेथे स्पर्धा आहे तेथे संघराज्याच्या केबल कायद्याने राज्यांना दर ठरवण्यास मनाई केली आहे, ही कंपनीची मुख्य भूमिका होती. केबलव्हिजनला २०११ मध्ये काही नियमांतून मिळालेल्या सवलतीचाही तिने आधार घेतला. जानेवारी २०२० मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयाने मंडळाला आदेशाची अंमलबजावणी करण्यापासून रोखले. वाद राज्याच्या प्रक्रियेत चालू असताना फेडरल न्यायालयाने हस्तक्षेप करायला नको होता, असे सांगत थर्ड सर्किटच्या अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती मनाई उठवली. दरम्यान राज्याच्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला होता. अखेर मार्च २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कौल फिरवला. कंपनीने दर किती ठेवावा हे नियम सांगत नाही. सेवा बंद झाल्यानंतरच्या दिवसांचे पैसे घेऊ नयेत एवढेच तो सांगतो. म्हणून हे दरनियंत्रण नसून ग्राहकसंरक्षण आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. मेन राज्यातील अशाच कायद्याबाबत फर्स्ट सर्किटने २०२२ मध्ये हाच निष्कर्ष काढला होता.

एका महिन्याच्या उरलेल्या पैशांसाठी साडेसहा वर्षे लागली! एकट्या ग्राहकाने हा खटाटोप कधीच केला नसता, आणि कंपन्यांचे गणितही त्यावरच बेतलेले असते.

केबल आणि इंटरनेट कंपन्यांविषयी अमेरिकन जनमत फारसे अनुकूल नाही, ही जुनी गोष्ट आहे. अमेरिकन कस्टमर सॅटिस्फॅक्शन इंडेक्समध्ये हे उद्योग वर्षानुवर्षे तळाशी राहिले आहेत. ऑप्टिममविषयीच्या नाराजीत ऑगस्ट २०२० मधील इसायस वादळाने भर घातली. त्या वादळातील कामगिरीवरून न्यूयॉर्क राज्याशी कंपनीला २०२१ मध्ये ७.२ कोटी डॉलरचा समझोता करावा लागला. तरीही केवळ नाराजीने बिल कमी होत नाही. ज्यांच्या दारात व्हेरायझनची फायबर तार आहे, त्यांना निदान पर्याय असतो. एकाच तारेच्या इमारतीत राहणाऱ्याचा राग हिशेबात धरला जात नाही.

न्यायालयाचा थेट मार्गही बहुतेकांना बंद असतो. सेवा घेताना न वाचता स्वीकारलेल्या अटींमध्ये लवादाचे कलम असते आणि सामूहिक दाव्याचा हक्क त्यातच सोडलेला असतो. मोफत म्हणून दिलेल्या फोनवर ३०.२२ डॉलरचा विक्रीकर आकारल्यावरून एटी अँड टीविरुद्ध झालेल्या काँसेप्सियन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अशी कलमे वैध ठरवली. भारतातही हा रस्ता काही काळ अडला होता. टेलिफोनचे वाद तार कायद्यानुसार लवादाकडेच न्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले होते. व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहक न्यायालयाचा दरवाजा निःसंदिग्धपणे खुला झाला. मुंबई ग्राहक पंचायतीची परंपरा पाहिलेल्या मराठी माणसाला अमेरिकेत तशी ग्राहक न्यायालये नाहीत, हे प्रथम खटकते. येथे ती जागा काही अंशी नियामक मंडळाकडील तक्रारीने भरून निघते.

केबल टीव्हीच्या बिलाची तक्रार प्रथम कंपनीकडे करून तिचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी. समाधान न झाल्यास बीपीयूच्या केबल विभागाकडे जाता येते. इंटरनेट किंवा मोबाइलच्या तक्रारी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, म्हणजे एफसीसीकडे, विनाशुल्क नोंदवता येतात. आयोगाने तक्रार पुढे पाठवल्यावर कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आयोग अशा प्रत्येक तक्रारीचा निवाडा करत नाही. मात्र हे उत्तर सहसा ग्राहकसेवेच्या पहिल्या फळीतून येत नाही, आणि अनेकदा तेवढ्यानेच प्रश्न सुटतो. दिवसांच्या हिशेबाचा राज्याचा नियम केबल टीव्ही सेवेसाठी आहे, हे विसरू नये. केवळ इंटरनेट घेणाऱ्यांनी घर सोडण्याची तारीख ठरवण्यापूर्वी कराराच्या अटी आणि बिलाचे चक्र पाहावे, आणि परत केलेल्या उपकरणांची पावती जपून ठेवावी.

आल्टिस यूएसएने नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘ऑप्टिमम कम्युनिकेशन्स’ असे नाव धारण केले. २०१६ ते २०२३ मधील आदेश आणि निकाल मात्र आल्टिस याच नावाखाली शोधावे लागतात.