डोंगरावरच्या गावाची वीज

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर चार ओळी लिहाव्यात, असा अध्यक्षीणबाईंचा आग्रह झाला. इतिहास म्हटला की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. मी सातवी शिकलेली गृहिणी. माझी रोजची लढाई विजेच्या बिलाशी. म्हणून विजेचाच इतिहास निवडला. तो आहे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या ॲस्पेन या थंड हवेच्या गावाचा.

सुमारे ७,९०० फूट उंचीवरचे हे गाव १८७९ साली चांदीच्या खाणींमुळे वसले. डोंगरातल्या ओढ्यांच्या पाण्यावर तेथे लवकरच दिवे लागले. परंतु १८९३ साली सरकारने चांदीची खरेदी थांबविली, भाव कोसळला आणि खाणी ओस पडल्या. १९३० च्या शिरगणतीत गावात अवघी ७०५ माणसे उरली होती. कॅसल क्रीक नावाच्या ओढ्यावरचे वीजघर मात्र चालूच होते.

या गावाचे भाग्य पुन्हा उजळले, त्यात एका स्त्रीचा वाटा आहे. शिकागोच्या एलिझाबेथ पेपके यांनी १९३९ साली हे गाव पाहिले आणि पुढे १९४५ मध्ये आपले कारखानदार पती वॉल्टर यांना तेथे नेले. त्यांच्या उद्योगाने गावात बर्फावरील खेळ वाढले, संगीत सुरू झाले, प्रवासी येऊ लागले. पुढे बाहेरची वीज स्वस्त मिळू लागली, तेव्हा १९५८ साली ते जुने वीजघर बंद झाले. दारात नळ आला म्हणजे परसातल्या आडाकडे कोण पाहतो? तसेच झाले.

पैसा आला, तशी चैनही आली. धनिकांनी मोठाले बंगले बांधले. बर्फ साचू नये म्हणून अंगणाच्या फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या घातल्या. उघड्यावरचे पोहण्याचे हौद ऐन हिवाळ्यात तापवू लागले. म्हणजे वर्षातून चार आठवडे येणाऱ्याचे अंगण तापते, आणि त्याच गावात राबणाऱ्याच्या खोलीत फटींतून वारा येतो!

यावर गावाने काय केले, तेच मला सांगायचे आहे. १९९४ साली तेथे ऊर्जेच्या काटकसरीसाठी ‘कोअर’ नावाची एक संस्था निघाली. तिला नगरपालिका, जिल्हा आणि ‘होली क्रॉस’ ही वीजसंस्था यांनी हात दिला. होली क्रॉस ही १९३९ साली स्थापन झालेली सहकारी संस्था. तिचे ग्राहक हेच तिचे मालक. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांत ऊस घालणारा शेतकरीच सभासद असतो, त्यातलाच हा प्रकार.

मग २००० साली नगरपालिका व जिल्हा यांनी एक नियम केला. अंगण तापवायचे, उघडा हौद तापवायचा, तर सूर्यशक्तीसारख्या साधनांनी तेवढी ऊर्जा स्वतः निर्माण करा, नाहीतर ठरलेली रक्कम भरा. चैनीला बंदी नाही. पण तिचा भार करणाऱ्याच्याच माथी. त्या रकमेतून इतर घरांना आणि सार्वजनिक इमारतींना काटकसरीच्या साधनांसाठी मदत मिळू लागली.

२०१० नंतर घरांची तपासणीही सुरू झाली. दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचतात. मग कोठल्या फटीतून गार वारा आत येतो ते कळते. त्या फटी बुजवायच्या, माळ्यावर जाड थर घालायचा. आपण खिडकीला चिंधी लावतो, तीच विद्या शास्त्रशुद्ध केलेली.

२०१५ साली नगरपालिकेची सारी वीज पाणी, वारा इत्यादी न संपणाऱ्या साधनांपासून येऊ लागली. तरी सर्व गोड झाले असे नाही. कॅसल क्रीकवर पुन्हा वीजघर उभारण्यास मतदारांनी २००७ साली पैसा मंजूर केला. पण ओढ्याचे पाणी आटेल या चिंतेने २०१२ च्या मतदानात थोडक्या फरकाने नकार आला. आणि घरे तापतात ती बहुतांशी गॅसवर. डिसेंबर २०२० मध्ये कोणीतरी गॅसच्या नळांत घातपात केला, तेव्हा ऐन थंडीत सुमारे ३,५०० ग्राहकांचा गॅस बंद पडला आणि विजेच्या शेगड्या वाटाव्या लागल्या.

आपल्याकडेही २०१५ पासून वीज कंपन्यांमार्फत स्वस्त एलईडी दिवे मिळाले, ते आपल्यापैकी अनेकींनी घेतले. पण दिवा बदलला, तरी रिकाम्या खोलीतला पंखा चालूच राहतो, आणि मंडपाची रोषणाई दरवर्षी वाढतेच आहे. काटकसर आपल्याला नवी नाही. ती आपण एकेकट्या, आपापल्या घरात करतो. त्या गावाने ती सगळ्यांनी मिळून केली, आणि ज्याची उधळपट्टी जास्त त्याचा वाटाही जास्त ठेवला. आपल्या मंडळाच्या पुढच्या समारंभाची रोषणाई ठरविताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, अशी माझी सर्व भगिनींना नम्र विनंती आहे.