विंचवाचे विष आणि रक्तदाबाची गोळी

दगडमातीच्या भिंती, सरपणाचे ढीग, कडब्याच्या गंजी या विंचवाच्या आवडत्या जागा. नांदेड-लातूरकडच्या एखाद्या वर्गात ‘विंचू चावलेला माणूस कोणी पाहिला आहे?’ असे विचारून पाहा. बरेच हात वर होतील. ‘विंचू उतरवणारा’ ठाऊक असलेली मुलेही निघतील. बहुतेक दंशांत नुसत्या वेदना होतात आणि दिवसभरात त्या आपोआप ओसरतात. श्रेय मात्र मंत्राला मिळते. लाल विंचवाची गोष्ट वेगळी. हा विंचू काळ्या इंगळीपेक्षा लहान, पण त्याचे विष कितीतरी घातक, विशेषतः मुलांना. तेथे उताऱ्यात गेलेला वेळ जिवावर बेततो.

या विषावरचा उपाय सापडला तो महाराष्ट्रातच. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण तेथे दगावत होते. बावस्करांनी रुग्णांजवळ तासन्‌तास बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून लक्षणांचा क्रम दिसू लागला. आधी उलटी, दरदरून घाम, हातपाय गार पडणे. पुढे हृदय थकणे आणि फुफ्फुसांत पाणी साठणे. धोक्याच्या या पूर्वसूचनांविषयीचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

असे का होते? या विषामुळे चेतापेशींवरील सोडियमची दारे नीट मिटत नाहीत. चेता सतत उद्दीपित राहतात आणि अॅड्रिनॅलिन व नॉरअॅड्रिनॅलिन यांचा रक्तात लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अरुंद झालेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय दमते. फुफ्फुसांत पाणी भरले की नाकाशी धरलेला ऑक्सिजनही रक्तात पुरेसा पोचत नाही. म्हणून ऑक्सिजन देऊन भागत नाही. आवळलेल्या वाहिन्या सैल कराव्या लागतात.

त्यासाठी नवे औषध शोधावे लागले नाही. प्राझोसिन ही उच्च रक्तदाबावरची गोळी उपलब्ध होतीच. नॉरअॅड्रिनॅलिन वाहिन्यांच्या ज्या ग्राहकांवर काम करते, तेच ही गोळी अडवते. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनचा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. गंभीर रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण पूर्वी सुमारे ३० टक्के होते. प्राझोसिननंतर ते १ टक्क्याच्या आसपास आले.

शोध तेथे थांबला नाही. प्राझोसिन विषाचा परिणाम रोखते, पण विष निकामी करत नाही. ते काम प्रतिविषाचे. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसते प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ जण. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

वर्गात हा इतिहास सांगताना दोन प्रश्न जरूर विचारावेत. मंत्राने बरे झालेल्यांपैकी किती जण मंत्राविनाही बरे झाले असते? आणि हे ठरवायचे तर कोणत्या नोंदी ठेवाव्या लागतील? त्याबरोबर एवढेही सांगावे: विंचू चावल्यावर उलटी आणि घाम सुरू झाला, हातपाय गार पडले, तर कोणाचीही वाट न पाहता थेट दवाखाना गाठायचा.