आठवडे बाजार व त्यांचे स्थानिक नियमन

आठवड्याच्या ठराविक वारी, ठराविक जागी भरणारा आणि त्याच दिवशी मोडणारा उघड्यावरील बाजार, तसेच त्याची जागा, फी, स्वच्छता, वजनमापे आणि जाहिरात यांवर स्थानिक संस्थांनी ठेवलेले नियंत्रण. कायम दुकान नसलेल्या माणसाला आपला माल विकण्याची संधी देणे, हे अशा बाजाराचे मुख्य वैशिष्ट्य होय. विक्रेता हा व्यापारीच असतो असे नाही. स्वतःच्या परसातील भाजी, रानातून आणलेली फळे, घरी विणलेल्या टोपल्या किंवा घरात उरलेले जादा धान्य घेऊन येणारा साधा कुटुंबचालकही तेथे विक्रेता असतो. त्यामुळे बाजाराचे नियमन करताना दोन प्रश्न नेहमी एकत्र उभे राहतात : सार्वजनिक जागेचा वापर शिस्तीत कसा ठेवावा आणि ती शिस्त लावताना सर्वांत लहान विक्रेत्याची उपजीविका कशी सांभाळावी. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत हे दोन्ही प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतात.

प्रदेश व बाजारपेठा : शहापूर तालुका पूर्वी कोळवण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात मोडत असे. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा डोंगराळ, जंगलव्याप्त मुलूख असून महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली, कुणबी व आगरी हे येथील प्रमुख समाज होत. वस्ती लहानलहान पाड्यांत विखुरलेली असल्याने प्रत्येक पाड्यावर कायम दुकान चालणे शक्य नव्हते. शेणवा, किन्हवली, डोळखांब, तसेच मुरबाड तालुक्यातील सरळगाव, धसई, टोकावडे व म्हसा यांसारखी गावे आसपासच्या पाड्यांना जोडणारी केंद्रे बनली. प्राचीन काळापासून या भागातून घाटमाथ्याकडे व्यापारी मार्ग जात असत. नाणेघाट हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असून तेथे सातवाहनकालीन शिलालेख आहेत. घाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीची नाणी साठविण्यासाठी होता, अशी लोकसमजूत आहे. लोहमार्ग १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोहोचल्यावर आसनगाव स्थानकाच्या आधारे शहापूरचा मुंबईशी संबंध दृढ झाला. मुरबाडला मात्र लोहमार्गाचा लाभ झाला नाही व तेथील व्यापार कल्याण–अहमदनगर या माळशेज घाटाच्या रस्त्यावरच अवलंबून राहिला.

येथील बाजाराचा माल ऋतूप्रमाणे बदलतो. चैत्र-वैशाखात करवंदे, जांभळे व मोहाची फुले येतात. पहिल्या पावसानंतर शेवळा, कर्टोली, भारंगी, टाकळा या रानभाज्या आणि खेकडे येतात. पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांचे मीठ, मिरची, कांदे व सुकी मासळी भरून ठेवण्याची, म्हणजे आगोटीची, खरेदी होते. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणारी खांबलिंगेश्वराची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असून घोंगड्या, शेतीची अवजारे व संसारोपयोगी वस्तू यांचीही तेथे मोठी विक्री होते. जत्रा व आठवडे बाजार ही एकाच व्यवस्थेची वार्षिक आणि साप्ताहिक अशी दोन रूपे मानता येतात.

पूर्वपीठिका : मराठा अंमलात पेठेचा कारभार शेटे व महाजन हे वतनदार पाहत. नवे दुकानदार आणून बसविणे, जागा नेमून देणे, तंटे तोडणे व सरकारी येणे वसूल करणे ही त्यांची कामे असत. नवी पेठ वसविताना सरकारकडून कौल दिला जाई व त्यात काही वर्षांची करमाफी असे. माल भरण्याच्या ठिकाणी थळभरीत आणि विकण्याच्या ठिकाणी थळमोड अशा जकाती घेतल्या जात. दुकाने व धंदे यांवर मोहतर्फा हा कर असे. बाजाराचा दिवस, जप्ती, लिलाव यांची वार्ता दवंडी पिटून गावभर पोहोचविली जाई. लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजात फलकाचे काम दवंडीच करीत असे आणि ती कोणी, केव्हा व कोणाच्या हुकमाने पिटावी हे रूढीने ठरलेले होते. जाहिरातीच्या नियमनाचे हे जुने देशी रूप म्हणता येईल.

ब्रिटिश अंमलात ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने मोडली. मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकात १८३८ साली रद्द झाली. १८४४ च्या एकोणिसाव्या अधिनियमाने शहरातील जकाती व धंद्यांवरील कर काढून टाकण्यात आले. त्यामुळे पेठेच्या वतनदारांचे आर्थिक अधिष्ठान नाहीसे झाले, परंतु बाजाराची जागा कोणी सांभाळावी हा प्रश्न उरला. बाजार व जत्रा यांसंबंधी मुंबई सरकारने १८६२ साली अधिनियम केला. १८६९ च्या अधिनियमाने जिल्हा व तालुका पातळीवर लोकल फंड समित्या स्थापन झाल्या. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा अधिनियम झाला. १९२० व १९३३ च्या अधिनियमांनी ग्रामपंचायतींना कायद्याचे रूप मिळाले. परंतु या काळातील पंचायतींची संख्या थोडी व उत्पन्न तुटपुंजे असल्याने बहुतेक खेड्यांत बाजाराची शिस्त गावकीच्या रूढीवरच चालत राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळ : सध्याच्या नियमनाचा मुख्य आधार १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम हा आहे. तो १ जून १९५९ पासून अंमलात आला व २०१२ पासून महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या १२४ व्या कलमात पंचायतीने बसवावयाच्या कर व फी यांची यादी असून तीत बाजार व आठवडे बाजार यांवरील फी, गाडीतळावरील फी, तसेच सार्वजनिक रस्ता किंवा जागा तात्पुरती व्यापल्याबद्दलची फी यांचा समावेश आहे. सार्वजनिक रस्ते व मोकळ्या जागा यांवरील अडथळे आणि अतिक्रमणे यांसंबंधीचे अधिकार ५३ व्या कलमाने दिलेले आहेत. तालुक्याच्या ठिकाणी नगरपंचायत आली, की तेथे नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू होतो. शहापूर व मुरबाड येथे असा बदल झाला आहे.

बाजार फी पंचायत स्वतः वसूल करते किंवा तिच्या वसुलीचा मक्ता लिलावाने देते. मक्त्याच्या पद्धतीत पंचायतीला ठरलेली रक्कम निश्चित मिळते व वसुलीचा खर्च वाचतो. मात्र मक्तेदाराचा नफा वसूल झालेली रक्कम व मक्त्याची रक्कम यांच्यातील फरकावर अवलंबून असतो. त्यामुळे टेम्पो भरून माल आणणारा व्यापारी आणि डोक्यावर एक पाटी घेऊन सात-आठ किलोमीटर चालत आलेली कातकरी स्त्री या दोघांकडून सारखाच आग्रह धरण्याची प्रवृत्ती निर्माण होते. पाटीभर मालाची सारी किंमत थोडी असल्याने सकाळीच द्यावी लागणारी फी तिच्या दृष्टीने मोठी असते. पहिली विक्री होण्यापूर्वी तिच्याजवळ रोकड नसण्याचाच संभव अधिक. म्हणून जागेच्या आकाराप्रमाणे दर, डोक्यावरील ओझ्यास सूट, दरांचा फलक बाजाराच्या तोंडाशी लावणे आणि प्रत्येक वसुलीची पावती देणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींना वास्तविक महत्त्व आहे. दरफलक नसल्यास नियम कोणता व मक्तेदाराची मागणी कोणती, यांतील फरक विक्रेत्यास कळत नाही.

कर व फी यांतील भेदही येथे लक्षात घ्यावा लागतो. शिरूर मठ खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. कर सार्वजनिक कारणासाठी घेतला जातो व त्याच्या मोबदल्यात विशिष्ट सेवा देणे बंधनकारक नसते. फी मात्र एखाद्या विशिष्ट सेवेशी निगडित असते. या न्यायाने पाहता बाजार फीच्या मोबदल्यात झाडलोट, पिण्याचे पाणी, सावली, स्वच्छतागृह व दिवाबत्ती यांची अपेक्षा विक्रेत्याने करणे रास्त ठरते. पहाटे घर सोडून संध्याकाळी परतणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने यांपैकी स्वच्छतागृह व पाणी या गरजा सर्वांत निकडीच्या असतात.

वजनमापांचे नियमन हा स्थानिक संस्थांच्या कक्षेबाहेरचा, पण बाजाराच्या न्यायाशी निकटचा संबंध असलेला विषय होय. शेर, पायली, मण व खंडी ही मापे प्रदेशानुसार बदलत. धान्य देताना एक व घेताना दुसरे माप वापरण्याची तक्रार जुनी आहे. १९५६ च्या अधिनियमानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. रानभाज्या व रानमेवा मात्र अजूनही पुष्कळदा वाटा, जुडी किंवा पाटी या मानाने विकला जातो.

अनुसूचित क्षेत्रातील विशेष तरतुदी : १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आदिवासींची व्यापाऱ्यांकडून होणारी पिळवणूक थांबावी, या हेतूने महाराष्ट्राने १९७६ साली आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याबाबतचा अधिनियम केला. त्याखाली १९७२ साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळामार्फत एकाधिकार खरेदीची योजना राबविण्यात आली. हे नियमन बाजाराच्या जागेचे नसून खरेदीदाराचे होते.

अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या केंद्रीय अधिनियमाने (पेसा) याहून वेगळी दिशा स्वीकारली. त्याच्या चौथ्या कलमान्वये, कोणत्याही नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकार योग्य पातळीवरील पंचायत व ग्रामसभा यांना मिळावा, अशी तरतूद आहे. महाराष्ट्राने या अधिनियमाचे नियम २०१४ साली केले. या तरतुदीचे मर्म असे, की बाजाराचा वार, जागा, फीचे दर व सवलती हे प्रश्न केवळ मक्त्याच्या रकमेचे न राहता ज्यांचे जीवन त्यावर अवलंबून आहे त्यांच्या सभेत चर्चिले जावेत. हा अधिकार कागदावरून बाजाराच्या मैदानात येण्यासाठी पाड्यावरील माणसांना, विशेषतः स्त्रियांना, ग्रामसभेत बोलण्याची संधी मिळणे आवश्यक असते.

रस्त्याकडेची विक्री व फलक : मुंबई–आग्रा महामार्ग व माळशेज घाटाचा रस्ता यांवरील वाहतूक वाढल्यावर करवंदे, जांभळे, रानभाज्या व मक्याची कणसे यांची विक्री रस्त्याच्या कडेलाही होऊ लागली. येथे अधिकारक्षेत्रांची गुंतागुंत निर्माण होते. गावठाणातील जागेवर पंचायतीचा अधिकार असतो. राज्याच्या महामार्गांना १९५५ चा मुंबई महामार्ग अधिनियम लागू होतो. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीचे नियंत्रण २००२ च्या केंद्रीय अधिनियमानुसार होते. पंचायतीला फी दिलेल्या विक्रेत्यासही महामार्गाचे अधिकारी उठवू शकतात व त्यांचे कारण, म्हणजे अपघाताचा धोका, निराधार नसते. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा २०१४ चा केंद्रीय अधिनियम मुख्यतः नागरी क्षेत्रासाठी असल्याने खेड्यातील विक्रेत्यास त्याचा आधार मिळत नाही. त्यापूर्वी सोदान सिंग खटल्यात (१९८९) पदपथावर व्यापार करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले होते.

जाहिरात फलकांबाबत महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा १९९५ चा अधिनियम आहे. सातारा येथील सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी निर्णय देऊन बेकायदा फलकांविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले. आठवडे बाजारातील खऱ्या विक्रेत्याला फलकाची गरज क्वचितच भासते. त्याची जागा ठरलेली असते व तीच त्याची ओळख असते. रस्त्याकडेच्या विक्रेतीच्या बाबतीत हारीने मांडलेले पानांचे द्रोण हीच तिची पाटी असते.

तुलना : वापरलेल्या वस्तूंच्या विक्रीची देशी रूपेही अशीच नियमनाच्या कडेवर वाढली आहेत. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण, मुंबईचा चोरबाजार आणि बुधवारी व रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार ही त्यांची उदाहरणे होत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घरातील नको असलेल्या वस्तू आपल्याच अंगणात मांडून विकण्याची, म्हणजे गॅरेज सेलची, प्रथा आहे. अनेक नगरपालिका तीवर वर्षातून किती वेळा विक्री करावी, ती किती दिवस चालावी, परवाना हवा की नको आणि पाटी विजेच्या खांबावर लावू नये, अशी बंधने घालतात. हौशी विक्रीच्या आडून कायम दुकान चालू नये व वस्तीची शांतता राखली जावी, हा तेथील हेतू असतो. तेथे विक्री हे घर आवरण्याचे साधन असते, तर शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ते पुष्कळदा आठवड्याच्या तेल-मिठाचे साधन असते. नियमाचे शब्द सारखे असले, तरी त्यांचे परिणाम म्हणून भिन्न होतात.

बदलते स्वरूप : मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव नोटबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी रोकडरहित व्यवहारांचे गाव म्हणून जाहीर झाले, तेथील दुकानदारांना कार्डावर पैसे स्वीकारण्याची यंत्रे देण्यात आली. दुचाकी व प्रवासी वाहनांमुळे शहरातील बाजार जवळ आला असून कल्याण-भिवंडीकडील तयार कपडे व प्लॅस्टिकच्या वस्तूंनी बांबूच्या सुपा-टोपल्यांची जागा मोठ्या प्रमाणात घेतली आहे. तरीही आठवडे बाजाराचे प्रयोजन संपलेले नाही. सोयरिकीची बोलणी, निरोप, उसनवारीची परतफेड व मजुरीची ठरवाठरवी हे व्यवहार बाजाराच्या दिवशीच होतात. जमिनीच्या किंमती वाढल्यामुळे बाजाराचे मैदान इमारतींसाठी वापरले जाण्याचा धोका असतो. ते एकदा गेले, की बाजार रस्त्यावर येतो आणि कालपर्यंतचा हक्काचा विक्रेता अतिक्रमक ठरतो. यास्तव बाजाराच्या जागेची गावनकाशात स्पष्ट नोंद ठेवणे, ही स्थानिक नियमनातील पहिली व सर्वांत स्वस्त उपाययोजना होय.