'बेब्दो' : एका पहिल्या तबकडीची गोष्ट

1971 साली एचएमव्हीने एक कोंकणी तबकडी काढली. गाणे 'बेब्दो', गायिका लॉर्ना कोर्देरो, संगीत ख्रिस पेरी यांचे. लॉर्नाची ही पहिलीच तबकडी. ती अशी काही गाजली की आज अर्धे शतक उलटून गेले तरी गोव्यातल्या लग्नात बँड उभा राहिला की त्या गाण्याची फर्माईश हमखास होते. आपण गोव्यातले मराठीवाले त्यावर ठेका धरतो, पण लिहायला बसलो की नाट्यगीतापाशी सुरू होऊन भावगीतापाशी थांबतो.

मुळात हा शब्दच पाहा. दारुड्याला पोर्तुगीजमध्ये 'बेबेदु' म्हणतात, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'पिणे' हा धातू. त्याचा कोंकणीत बेब्दो झाला. मुंबईच्या मराठीतला बेवडा हा त्याचाच भाऊ असावा, असे माझे मत. माझे आजोळ बेळगावजवळ बेळगुंदीला. तिथे रेडिओवर पणजी केंद्र लागायचे आणि हे गाणे सुरू झाले की अर्थ कुणालाच विचारावा लागत नसे. सीमाभागात भाषेवरून 1956 पासून भांडण चालू आहे, पण या एका शब्दावर सगळ्यांचे एकमत!

शब्द जसा दुरून आला तशीच चालही. चा-चा-चा हा ठेका क्यूबाचा. एनरिके होरिन या व्हायोलिनवादकाने 1950 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तो घडवला आणि तबकड्यांवरून तो जगभर गेला. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारे बँडवाले बहुतेक गोव्याचे, चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून आलेले. त्यांना नवा ठेका उचलायला वेळ लागत नव्हता. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (1951) मध्ये हळदोण्याचा चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो, तो काही उगाच नाही. ख्रिस पेरी याच परंपरेतले. मडगावच्या बोर्ड्याचे, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारे. त्यांनी हे ठेके कोंकणी शब्दांखाली घातले, ते इतके बेमालूम की ऐकणाऱ्याला ते परके वाटलेच नाहीत.

लॉर्नाचा जन्म मुंबईचा, 1946 चा. पेरींनी तिला लहान वयातच हेरले आणि कडक तालीम दिली. चर्चगेटच्या अॅस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये ती इंग्रजी गाणी म्हणत असे. जॅझमध्ये तयार झालेला, किंचित खरखरीत, पितळी वाद्यांपुढे न दबणारा हा आवाज कोंकणीत आला, तेच खरे 'बेब्दो'चे यश. तियात्रातल्या कांताराची सवय असलेल्या कानांना हे नवीन होते.

आता काळ आठवा. जनमत कौल होऊन (16 जानेवारी 1967) जेमतेम चार वर्षे झाली होती. कोंकणी ही भाषा की मराठीची बोली, यावर घराघरांत वाद. त्या वादात दोन्हीकडून भरपूर कागद खर्ची पडला. पण कोंकणीला स्वतःचा आवाज आहे हे कुठल्याही पुस्तिकेपेक्षा या तबकडीने लोकांना अधिक सहज पटवले, असे मी मराठीचा माणूस असूनही म्हणतो. पुढे 1987 च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोंकणी आली, मराठीच्या वापराची सोय झाली, रोमी मात्र बाहेर राहिली. म्हणजे गोव्याला सर्वांत जास्त गाणी जिने दिली, तीच लिपी कायद्याबाहेर! आम्हा कचेरीतल्या माणसांना अशा गोष्टींचे नवल वाटत नाही. असो.

लॉर्नाचे पुढे काय झाले ते जास्त टोचते. सत्तरच्या दशकात पेरी आणि ती वेगळे झाले आणि तिचे गाणेच थांबले. एक-दोन नव्हे, वीसेक वर्षे. या काळात तबकड्या वाजत होत्या, दुसरे गायक तीच गाणी म्हणत होते, आणि गाणारी मुंबईत गप्प होती. 1995 मध्ये मिरामारला तिला पुन्हा उभे केले गेले तेव्हा माणसांचा समुद्र लोटला. पेरी 2002 मध्ये गेले. 'नाचुया कुंपासार' हा या दोघांच्या आयुष्यावर बेतलेला कोंकणी चित्रपट. 2015 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्तम कोंकणी चित्रपट ठरला. त्यात पेरींचीच जुनी गाणी नव्या आवाजांत आहेत. ती ऐका जरूर, पण आधी जुनी तबकडी ऐका.