मेल सर्व्हरला स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर का हवा?

कासूतली शाळा असो की पेणची संस्था, स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचा तर डीएनएस रिझॉल्व्हर, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा प्रोग्राम, त्याच मशीनवर ठेवा असं आम्ही सुचवतो. कारण स्पॅम ओळखायला सर्व्हर स्पॅमहाउससारख्या यादीला विचारतो. हा प्रश्न गूगलच्या ८.८.८.८ मार्फत गेला, तर मोफत यादी १२७.२५५.२५५.२५४ असा नकार देते. सर्व्हरने तो नकार ‘स्पॅम’ समजला, की पालकांचे चांगले मेलही परत जातात.

उपाय : ‘अनबाउंड’ बसवा, फॉरवर्डिंग बंद ठेवा, बाहेरच्यांना वापरू देऊ नका. सर्व्हरचा नेमसर्व्हर १२७.०.०.१ करा. मग २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग हे नाव शोधून बघा, उत्तरात १२७.०.०.२ दिसलं, की जमलं.